हापूसची कोय लावली तर हापूस का येत नाही? (क्रॉसिंग ओव्हर, फेरजुळणी वगैरे)

वहाळ

मागच्या दारी आंब्याचं एक झाड आहे. बाकी सगळी बाग कलमांची, हे एकटंच कोयीतून उगवलेलं. कोय हापूसचीच होती, कारण आमच्याकडे दुसरा आंबा घरात येतच नसे. आता झाड चांगलं फळतं. फळ लांबोडकं, सालीला रंग धरत नाही, गरात रेषा इतक्या की दातांत अडकतात. आमरसात दोन-चार ढकलून देता येतात, एवढाच उपयोग. वाडीत कोणालाही विचारलं की "कोयीचो हापूस कसो होतलो?" असा उलटा प्रश्न येतो, जणू मीच खुळ्यासारखं काहीतरी बोललो.

होत नाही हे मान्य. पण का होत नाही? जाणकारांनी उजेड पाडावा.

एक: समजा मोहोरावर पिशवी बांधली, बाहेरची माशी आत येऊच दिली नाही, हापूसचाच पराग हापूसला लावला आणि त्या फळाची कोय पेरली. तरीही हापूस येणार नाही का?

दोन: बारावीच्या बायोत एका लाल आणि एका निळ्या गुणसूत्राची टोकं अदलाबदल झालेली आकृती असायची. 'क्रॉसिंग ओव्हरमुळे वैविध्य निर्माण होते' एवढं खाली लिहिलं की मार्क मिळायचे. ते नेमकं काय असतं आणि या झाडाशी त्याचा काही संबंध आहे का?

सुरंगी

एरवी मी म्हटलं असतं की बाप रायवळ असणार. मोहोरावर माश्या येतात त्या काय सातबारा बघून येतात थोड्याच. पण तुम्ही पिशवी बांधून उत्तर अवघड करून टाकलंत.

मधलीसुट्टी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमरस असेल तर तोही चालेल.

पेशीपुराण

पिशवी बांधली तरी हापूस येणार नाही. रायवळ बाप हे अर्धंच कारण आहे.

आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात, म्हणजे २० जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र झाडाला 'आई'कडून आलेलं, एक 'बापा'कडून. हापूसच्या बाबतीत हे आईबाप कोण ते कोणालाच ठाऊक नाही, पण ते एकमेकांपेक्षा बरेच वेगळे होते. त्यामुळे जोडीतल्या दोन प्रती सारख्या नाहीत. एका प्रतीत रेषा कमी ठेवणारं जनुक असेल, तर दुसरीत रेषाळ करणारं लपून बसलेलं असेल. हापूस हा त्या दोन प्रती मिळून साधलेला मेळ आहे.

परागकण किंवा अंडपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं आणि प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. कुठलं, ते चिठ्ठी टाकल्यासारखं. २० जोड्या, प्रत्येकीत दोन पर्याय, म्हणजे १०,४८,५७६ प्रकारचे परागकण. अंडपेशींचेही तितकेच. पिशवीत दोघं हापूसचेच असले तरी मूळचा मेळ जसाच्या तसा परत जुळणं जवळजवळ अशक्य. काही जोड्यांमध्ये दोन्ही प्रती रेषाळ येतील, काहींत दोन्ही आंबट.

आणि हा आकडा क्रॉसिंग ओव्हर धरलेलाच नाही. ते धरलं तर मोजायलाच नको, कारण मग गुणसूत्र अख्खंच्या अख्खं पुढे जात नाही, वाटेत त्याचे तुकडे दुसऱ्याशी बदलले जातात.

हापूस टिकला तो कलमामुळे. रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधली की त्या काडीच्या पेशी नुसत्या दुप्पट होत जातात, अर्धगुणसूत्री विभाजन मध्ये येतच नाही. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमं बांधायचं तंत्र रुजवलं तेव्हापासून हापूस हे, थोडं ताणून सांगायचं तर, एकच झाड आहे. मधल्या शतकांत काही उत्परिवर्तनं साठली असतील, पण फेरजुळणी (जनुकांचे नवे मेळ बनणं) शून्य. त्या पहिल्या झाडाचं म्हणाल तर तेही कोणाच्या तरी परसात कोयीतूनच उगवलं असणार.

गोमंतक_मोग

पहिलं श्रेय गोव्याला दिल्याबद्दल आभार. पण आमच्या मानकुरादासमोर हापूस म्हणजे... असो, विषयांतर नको.

वहाळ

@पेशीपुराण, हे छानच. म्हणजे पत्ते पिसण्यासारखंच झालं की.

पेशीपुराण

पिसण्यापर्यंत ठीक. पण पिसताना पत्ता फाटत नाही. इथे बदामची राणी मधोमध फाटते आणि तिला किलवरच्या राणीचा खालचा अर्धा भाग चिकटतो. शिवाय राणीला राणीच, राजाला राजाच. भलत्या पत्त्याशी अदलाबदल झाली की आजार.

होतं काय ते सांगतो. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते, म्हणजे जोडीत एकूण चार धागे. मग जोडीदार एकमेकांना शोधून शेजारी-शेजारी चिकटतात. इथे पेशी एक धाडसी काम करते. स्पो-११ नावाचं प्रथिन डीएनएच्या दोन्ही पट्ट्या मुद्दाम तोडतं. एकदोन ठिकाणी नाही, उंदराच्या एका पेशीत दोन-तीनशे ठिकाणी. एरवी डीएनए असा तुटला तर पेशी घाबरून जाते. इथे ती स्वतःच तोडते आणि मग जोडीदाराच्या प्रतीत बघून दुरुस्त करते. बहुतेक जखमा थोडीशी नक्कल करून तिथल्या तिथे भरून येतात, मोठी अदलाबदल होत नाही. दोन-तीनशेपैकी साधारण पंचविसेक ठिकाणीच एका गुणसूत्राचा पुढचा सगळा भाग दुसऱ्याला जातो. पुस्तकातली लाल-निळी आकृती म्हणजे या पंचविसातली एक.

ही जागा सूक्ष्मदर्शकाखाली फुलीसारखी दिसते. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या यान्सन्सने १९०९ मध्ये सॅलमँडरच्या पेशींत या फुल्या बघून इथे धागे तुटून जुळत असावेत असं म्हटलं. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गनच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या डोळ्यांची एक नर फळमाशी सापडली आणि गाडी रुळावर आली.

आडवाटेचा_मास्तर

मॉर्गन निघालाच आहे तर स्टर्टव्हंट सांगितल्याशिवाय राहवत नाही. (निवृत्त आहे, वेळ आहे, सहन करा.)

मॉर्गनकडे माश्यांच्या संकरांचे आकडे पडून होते. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं बहुतेक वेळा जोडीने पुढे जातात, पण कधीकधी फुटतात. काही जोड्या शंभरात एकदा फुटतात, काही तीसदा. स्टर्टव्हंट तेव्हा पदवीचा विद्यार्थी, जेमतेम विशीचा. १९११ मध्ये मॉर्गनशी बोलता बोलता त्याच्या डोक्यात आलं की हे फुटण्याचं प्रमाण म्हणजेच अंतर. जनुकं लांब असतील तर मध्ये कुठेतरी काप पडायची शक्यता जास्त. आकडे घरी नेले, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवला आणि रात्रभर बसून जगातला पहिला जनुकांचा नकाशा काढला. १९१३ मध्ये तो छापून आला: पिवळं शरीर ०, पांढरे डोळे १.०, शेंदरी डोळे ३०.७, आखूड पंख ३३.७, खुरटे पंख ५७.६. डीएनए म्हणजे काय हे कोणाला माहीत नसताना एका मुलाने जनुकं ओळीत मांडून दाखवली. मला अजूनही हे वाचताना गंमत वाटते. आजचा नकाशा काढून बघा, आकडे थोडे सरकलेत, क्रम तोच आहे.

शंभरात एक फेरजुळणी म्हणजे एक सेंटिमॉर्गन. हे 'मॉर्गन' नाव सुचवलं ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेनने. तोच हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. आमच्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

सुरंगी

मास्तर, तुमच्या वर्गात असते तर बायो सोडून कॉमर्सला गेले नसते.

एक शंका. नकाशा तर आकडेमोडीचा झाला. प्रत्यक्षात गुणसूत्राचे तुकडे खरंच इकडचे तिकडे जातात हे कोणी डोळ्यांनी बघितलं?

आडवाटेचा_मास्तर

बघितलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी, १९३१ मध्ये, मक्यात. त्यांना नववं असं एक गुणसूत्र मिळालं ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा येऊन चिकटलेला. म्हणजे दोन्ही टोकांना खुणा. त्याच गुणसूत्रावर दाण्याचा रंग आणि पिठाचा चिकटपणा ठरवणारी जनुकं. ज्या दाण्यांत रंग आणि पीठ यांची जोडी फुटली होती, त्या दाण्यांपासून वाढलेल्या रोपांच्या पेशी बघितल्या, तर गुणसूत्राच्या खुणाही फुटलेल्या. गाठ आहे पण पलीकडचा तुकडा नाही, किंवा उलट. संपला वाद.

मॉर्गन कॉर्नेलला आला होता, त्यानेच त्यांच्या मागे लागून निबंध लगेच पाठवायला लावला. कारण जर्मनीत कुर्ट स्टर्न हेच काम फळमाशीत करत होता आणि त्याचं काही आठवड्यांतच आलं.

मधलीसुट्टी

म्हणजे 'पहिले कोण' ही भानगड तेव्हापासून आहे. इथे आम्ही 'मी पहिला' लिहितो तेव्हा लोक नाकं मुरडतात.

चष्मिष्ट

पेशीपुराण यांनी 'भलत्याशी अदलाबदल झाली की आजार' असं जाता जाता लिहिलंय. तो आजार मीच. लाल-हिरवा रंगांधळा. ट्रॅफिक सिग्नल जागेवरून ओळखतो, कच्ची-पिकलेली मिरची वासावरून. आईच्या वडिलांनाही होतं, आईला नाही, मला आहे. डॉक्टरांनी फक्त 'एक्स गुणसूत्रावरून येतं' एवढं सांगितलं. त्यात क्रॉसिंग ओव्हरचा हात कसा?

पेशीपुराण

थेट हात आहे. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या रंगद्रव्यांची जनुकं एक्सच्या टोकाजवळ अगदी शेजारी-शेजारी बसलेली आहेत आणि दोघांतली डीएनएची अक्षरं जवळजवळ सारखी आहेत. इतकं सारखेपण असलं की जोडीदार शेजारी येताना कधीकधी एक घर चुकतो. एकाचं लाल दुसऱ्याच्या हिरव्यासमोर येतं. अशा चुकलेल्या जागी काप पडला की एका गुणसूत्राला हिरव्याची जादा प्रत मिळते आणि दुसऱ्याचं हिरवं गायब होतं, किंवा अर्धं लाल अर्धं हिरवं असं मिश्र जनुक तयार होतं.

ही अदलाबदल स्त्रीमध्येच होऊ शकते, कारण दोन एक्स तिच्याकडेच असतात. तुमच्या घराण्यात ती कोणा पणजी-खापरपणजीत घडली असेल. आजोबांकडे आलं, आईकडे एक चांगली प्रत असल्यामुळे तिला कळलंही नाही, तुमच्याकडे एकच एक्स म्हणून तुम्हाला दिसलं. किंवा दिसलं नाही. (दिवे घ्या.)

अल्फा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचा आपल्याकडे आढळणारा एक प्रकार असाच, दोन सारख्या शेजारी जनुकांत घर चुकल्यामुळे एक प्रत गळते.

चष्मिष्ट

घेतले दिवे. कुठल्या रंगाचे ते सांगू नका.

बे_एरियातली_काकू

वाचतेय, मस्त चाललंय. आमच्याकडे डीएनए टेस्टचं पेव फुटलंय. आम्ही भावंडांनी केली तर माझं आणि धाकट्याचं पन्नास टक्के जुळायला हवं ना? आमचं पन्नासच्या बरंच खाली आलं, मधल्या बहिणीशी माझं जास्त आलं. धाकटा लगेच "मला कचराकुंडीतून आणलं होतं" म्हणून नाचतोय. हे असं कसं?

पेशीपुराण

काकू, धाकट्याला सांगा, सख्खाच आहे. पन्नास ही सरासरी. सख्ख्या भावंडांत साधारण चाळीस ते साठच्या मध्ये कुठेही येऊ शकतं, आणि याचं कारण काप फार थोडे पडतात हे आहे. वडिलांच्या एका शुक्रपेशीत सगळ्या गुणसूत्रांवर मिळून सरासरी २६ च्या आसपास, आईच्या अंडपेशीत चाळीसच्या वर. म्हणजे तुकडे मोठमोठे जातात. छोटं गुणसूत्र तर कधीकधी एकही जोड न घेता अख्खं आजीचं किंवा अख्खं आजोबांचं येतं. 'प्रत्येक आजोबांचे पंचवीस टक्के' हेही त्यामुळे सरासरीपुरतंच खरं.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिच्या अंडपेशींमधली ही सगळी तोडजोड ती स्वतः आजीच्या पोटात असतानाच उरकलेली असते. त्यानंतर अंडपेशी त्या फुल्यांसकट थांबून राहते, काही वर्षं नाही, काही दशकं. पुरुषात वयात आल्यावर रोजच्या रोज नव्याने चालतं.

तर्कदुष्ट

एक मूलभूत हरकत. सगळे गृहीत धरून चाललेत की हे वैविध्यासाठी आहे. वैविध्य कशाला हवंय? आईबाप जगले, वाढले, त्यांना पोरं झाली, म्हणजे त्यांचा मेळ चांगलाच होता. तो मोडून पोरांना नवीन मेळ द्यायचा हा आतबट्ट्याचा व्यवहार नाही का? हापूसचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं.

पेशीपुराण

हरकत बिनतोड आहे आणि त्यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. माझं मत सांगतो.

'वैविध्यासाठी' हे पुस्तकातलं वाक्य मला अपुरं वाटतं. पेशीला पुढच्या पिढीच्या वैविध्याशी काही देणंघेणं नसतं. तिची आत्ताची अडचण अशी की जोडीतली दोन गुणसूत्रं विरुद्ध टोकांना न्यायची आहेत. ती बरोबर ओढली जातायत का हे कळायला आधी ती एकमेकांना बांधलेली हवीत, म्हणजे दोन्हीकडून ताण बसतो. ती गाठ म्हणजेच क्रॉसिंग ओव्हर. म्हणून प्रत्येक जोडीत निदान एक तरी झालंच पाहिजे असा दंडक बहुतेक प्राण्यांत आणि वनस्पतींत दिसतो. पुरुषातल्या एक्स आणि वायमध्ये सारखं असं फारसं काही नाही, तरी टोकाच्या २७ लाख अक्षरांच्या चिंचोळ्या पट्ट्यात ते दोघं एक फुली घालतातच.

गाठ पडली नाही, किंवा अगदी टोकाला भलत्या जागी पडली, की दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जायचा धोका. एकविसाव्या जोडीत हे झालं तर डाउन सिंड्रोम. आईचं वय वाढतं तसा धोका का वाढतो याचं एक कारण हेच: ती गाठ धरून ठेवणारी प्रथिनं अंडपेशी थांबलेली असताना हळूहळू झिजत जातात.

वैविध्य हा उपफायदा आहे. मोठा आहे, पण उपफायदा.

तर्कदुष्ट

मग ज्यांच्यात क्रॉसिंग ओव्हर होतच नाही त्यांचं काय?

पेशीपुराण

असे आहेत, आणि गंमत म्हणजे ज्या फळमाशीवर हा सगळा डोलारा उभा राहिला तिच्या नरातच ते होत नाही. मादीत होतं, नरात अजिबात नाही. रेशीमकिड्यात उलट: नरात होतं, मादीत नाही. या मंडळींनी गुणसूत्रं बांधून ठेवायचा दुसरा मार्ग काढला आहे. म्हणजे गाठ हवीच, ती फेरजुळणीचीच हवी असं नाही.

पण दोघांपैकी एका लिंगात तरी ती चालू ठेवली आहे हे विसरू नका. पूर्ण बंद केली तर काय होतं ते वाय गुणसूत्रात दिसतं. कधीकाळी तो एक्सच्या बरोबरीचा होता. टोकाचा तो चिंचोळा पट्टा सोडून अदलाबदल थांबली आणि त्यात पडलेली प्रत्येक खोट कायमची होऊन बसली, कारण चांगल्या तुकड्याशी बदलून घ्यायला जोडीदारच नाही. आज त्याच्यावर एक्सच्या मानाने मूठभर जनुकं उरली आहेत. हापूस चारशे वर्षं असाच आहे, पण त्याला आपण खत-पाणी-फवारणी देऊन जगवतोय. रानात त्याला असं कोणी टिकू दिलं नसतं.

गोमंतक_मोग

वाय गुणसूत्राची ही गत ऐकून बायको फार खूश झाली आहे.

धानपट्टा

भंडाऱ्याकडचा आहे, धानाच्या बियाण्यात काम करतो. वर सगळं वाचलं. आमच्या कामात क्रॉसिंग ओव्हर ही वैविध्याची गोष्ट नाहीच, ती वाट बघायची गोष्ट आहे. उदाहरण देतो.

स्वर्णा हा मूळचा आंध्रातल्या मारुटेरूचा वाण, पूर्व भारतात प्रचंड लागतो. पीक उत्तम, पण पुरात आठ-दहा दिवस बुडाला की गेला. दुसरीकडे ओडिशात एफआर-१३ए नावाचं जुनं धान, दोन आठवडे बुडून राहिलं तरी पाणी उतरल्यावर उभं राहतं. त्याचा गुण नवव्या गुणसूत्रावर एकाच जागी आहे हे १९९६ मध्ये कळलं, नाव ठेवलं सब-१. बाकीचं धान पाण्याखाली गेलं की श्वास घ्यायला उंच वाढायचा आटापिटा करतं आणि साठवलेला पिष्ट संपवून मरतं. सब-१ वालं वाढ थांबवून गप्प बसतं. पण एफआर-१३ए चं उत्पन्न यथातथा. म्हणजे त्यातलं एवढंच हवं, बाकीचं नको.

आता हे करायचं कसं? दाता (म्हणजे सब-१ असलेलं धान) आणि स्वर्णा यांचा संकर करायचा. धानाचं फूल म्हणजे खसखशीएवढं काम: तुसाचं टोक कात्रीने छाटायचं, आतले सहाच्या सहा परागकोश चिमट्याने काढायचे, एक जरी राहिला तर मेहनत पाण्यात, मग लोंबीला कागदाची पिशवी. दुसऱ्या दिवशी वरून बापाची लोंबी झटकायची. जे दाणे भरतील ते पेरून परत स्वर्णाशी संकर, परत संकर (यालाच उलटसंकर म्हणतात). दर खेपेला दात्याचा हिस्सा निम्मा होतो. बाकीच्या अकरा गुणसूत्रांवरून तो चटकन निघून जातो.

नवव्यावरून निघत नाही. कारण आपणच दर पिढीत सब-१ असलेलं रोप निवडतो, आणि सब-१ सोबत त्याच्या आजूबाजूचा सगळा पट्टा चिकटून येतो. तो सोडवायचा तर सब-१ च्या एका बाजूला अगदी जवळ काप पडला पाहिजे, आणि मग दुसऱ्या बाजूलाही. काप कुठे पाडायचा हे आपल्या हातात नाही. आपण फक्त शेकडो रोपं लावतो, पानाचा तुकडा घेऊन डीएनए खुणा तपासतो आणि ज्यात योग्य जागी काप पडलाय ते रोप सापडेपर्यंत बघत बसतो. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत स्वर्णावर हे केलं. दोन उलटसंकरांनंतर सगळी गुणसूत्रं स्वर्णाची, फक्त नवव्याचं टोक दात्याचं, असं रोप मिळालं. तिसऱ्या उलटसंकरानंतर दोन्ही बाजूंनी काप पडलेलं रोप सापडलं, तरी सब-१ भोवती २३ ते ३४ लाख अक्षरांचा पट्टा राहिलाच.

भारतात स्वर्णा-सब१ २००९ मध्ये प्रसारित झालं. हातात घेऊन बघितलंत तर फरक लगेच दिसतो. स्वर्णाच्या टरफलावर सोनेरी झाक असते, सब१ चं टरफल फिकट, गवती रंगाचं. त्या रंगाला दाबणारं जनुक सब-१ ला अगदी खेटून आहे, ते सोबत आलं. तांदळात काही फरक नाही, पण बाजारात व्यापारी रंग बघून "ये स्वर्णा नहीं है" म्हणणारच.

सुरंगी

_/\_ असे प्रतिसाद वाचायला इथे येते. टरफलाच्या रंगाचं माहीतच नव्हतं.

वहाळ

धानपट्टा, जबरदस्त. असं आंब्यात का नाही करत? हापूसची चव तशीच ठेवायची आणि फक्त साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) घालवायचा.

धानपट्टा

आंब्यातले लोक सांगतील, पण वेळेचा हिशेब करा. धानाची पिढी चार-पाच महिन्यांची. कोयीच्या आंब्याला पहिलं फळ यायलाच सहा-आठ वर्षं. तीन उलटसंकर म्हणजे नोकरीत लागलेला माणूस निवृत्त होणार.

आडवाटेचा_मास्तर

तरी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने प्रयत्न केलाच की. रत्ना हा नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ चा. साका नाही, रेषा नाही. मग रत्नाचा परत हापूसशी संकर करून १९९२ मध्ये सिंधू आणला, त्याची कोय तर अगदी पातळ. म्हणजे एक उलटसंकर झालाच. लोकांनी 'पण हापूसची सर नाही' म्हणून नाक मुरडलं, हा भाग वेगळा. मला रत्ना आवडतो.

गोमंतक_मोग

एक प्रश्न राहिला. केरळात ओलूर नावाचा आंबा आहे, त्याची कोय लावली तर म्हणे तोच आंबा येतो. मग वरचं सगळं त्याला लागू का नाही?

पेशीपुराण

ओलूर बहुभ्रूणी आहे. त्याच्या कोयीतून एकाहून जास्त कोंब येतात आणि त्यातले बहुतेक आईच्या पेशीजालापासून थेट बनलेले असतात. पराग नाही, अर्धगुणसूत्री विभाजन नाही, क्रॉसिंग ओव्हर नाही. कोयीतून आलेलं कलमच म्हणा. हापूस एकभ्रूणी, त्याची कोय म्हणजे संकरच. विदर्भात संत्र्याला जो जंबेरीचा (एका जातीच्या लिंबाचा) खुंट वापरतात तोही बहुभ्रूणी, म्हणूनच बियांपासून रोपवाटिकेत एकसारखे हजारो खुंट मिळतात.

तर्कदुष्ट

मग हेच भातात करा ना. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यायला नको.

पेशीपुराण

चालू आहे. भातात तीन जनुकं बंद केली की अर्धगुणसूत्री विभाजन साध्या विभाजनासारखंच होतं: डीएनए तुटत नाही, फेरजुळणी नाही, निम्मं होणं नाही. वर अंडपेशीला परागाविना गर्भ धरायला लावणारं एक जनुक चालू केलं की बी म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये सुंदरेशन आणि खांडे यांनी २०१९ मध्ये हे दाखवलं, तेव्हा तीसेक टक्के दाणेच नक्कल निघायचे. २०२२ मध्ये फ्रेंच गटाबरोबर एका संकरित वाणात ते ९५ टक्क्यांच्या वर गेलं.

धानपट्टा

उरलेले पाच टक्के काय निघतात ते महत्त्वाचं. आमच्याकडे प्रमाणित बियाण्यात भेसळ शेकड्यात एक-दोन निघाली तरी प्लॉट नापास होतो.

पेशीपुराण

अंडपेशी निम्मी झालेलीच नसते. तिला चुकून पराग मिळाला तर दाण्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार संच येतात. ती रोपं बियाण्याच्या कामाची नाहीत, पण वेगळी ओळखू येतात, त्यामुळे शेतातून उपटून टाकता येतील.

धानपट्टा

उपटायला मजूर कुठून आणणार, रोवणीलाच मिळत नाहीत.